ह्यूस्टनला येताय म्हणून

शाल आणा. ऑगस्ट असला तरी.
बाहेरची हवा ओल्या पंचासारखी अंगाला चिकटते
आणि दार ढकललं की आत थेट फ्रीजरचा कप्पा.
इथे लोक उन्हाळ्यात शिंकतात.
सव्वीस वर्षं झाली, माझ्या पर्समध्ये पायमोजे असतात.

अंतर मैलांत विचारू नका, कोणी सांगणार नाही.
"पंचवीस मिनिटं" म्हणतील. ते पहाटे तीनचं उत्तर.
शहराला रस्त्यांचे तीन वेढे, एकात एक.
बाहेरच्याला प्रदक्षिणा घालायची तर
डबा बांधून निघावं.
एक्झिट चुकली तर चुकू द्या.
श्रीरंगला सांग, ब्रेक दाबू नकोस,
पुढच्या पुलाखाली वळायची वेगळी वाट असते,
तिला सिग्नलसुद्धा नाही.
चुकणाऱ्यांची एवढी सोय
मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही.

डोंगर नाही. शोधू नका.
उंचावरून बघायचंच असेल तर पार्किंगचा सातवा मजला.

बायू म्हणजे नदी नव्हे, ओढाही नव्हे.
चहाच्या रंगाचं, कुठे जायचं ते न ठरवलेलं पाणी.
कासवं दिसतात. वाकून बघा, हात घालू नका.
आणि रस्त्यावर पाणी साचलं असेल
तर त्याची खोली गाडीनं मोजायची नाही,
सरळ मागे फिरायचं.
आमच्या दिवाणखान्यात कमरेएवढ्या उंचीवर एक रेघ आहे.
दोनदा रंग दिला तिच्यावर.
पाहुण्यांना दिसत नाही.

संध्याकाळी वॉ स्ट्रीटच्या पुलावर जा.
फटींमधून वटवाघळं निघतात, आधी एक, मग दहा,
मग मोजणं सोडून द्यावं लागतं.
वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा.
हा सल्ला अनुभवाचा आहे.

हिलक्रॉफ्टला कढीपत्ता मिळतो, ज्वारीचं पीठही,
पाकिटावरची तारीख मात्र वाचून घ्या.
क्रॉफिश खाणार असाल तर तिएनच्या दुकानात,
अंगठ्या काढून, बाह्या सारून.
त्याचा लसूण-मसाला नखांत दोन दिवस राहतो.
तिथे प्रत्येकाच्याच डोळ्यांत पाणी असतं,
त्यामुळे रडायचं असेल
तर ती जागा बरी. कोणी काही विचारत नाही.

यामिनी,
एवढं सगळं लिहिलं
आणि तू विचारलेलं एकच राहिलं.

तर ऐक. फाईल हातात धर, डिकीत नको.
पार्किंगच्या तिकिटावर दुसऱ्या मजल्यावर शिक्का मारून घ्या,
रोजचे पैसे वाचतात, आणि दिवस किती ते कोण सांगणार.
दोन इमारतींमध्ये काचेचा लांब पूल आहे,
त्यावर छोट्या गाड्या फिरतात. बसायला लाजू नकोस.
मधेच कुठेतरी घंटा वाजेल.
कोणाचे तरी उपचार संपलेले असतात.
ओळख असो नसो, थांबून टाळ्या वाजवायच्या.
इथली रीत आहे. पहिल्या दिवशी जड जाईल.

रक्त घ्यायला डेल्फीन ब्रूसार्डला मागून घे,
माझी शेजारीण. नस तिला पहिल्याच खेपेला सापडते.
ती तुला "हनी" म्हणेल, तिला परकं कोणी नसतंच.
तुम्हा दोघांना मिळून "यॉल" म्हणेल,
तो इथला "तुम्ही" आहे, त्याला हसू नका,
बिचाऱ्यांनी घरीच घडवून घेतलाय.
आपल्याकडे "आम्ही" वेगळं, "आपण" वेगळं,
त्यांच्याकडे दोन्हींना मिळून एकच "वी".
सुई टोचताना ती म्हणते, "वी गॉट धिस."
त्या क्षणी तू "आपण" ऐक.
ती तेच म्हणत असते,
तिच्याकडे तो शब्द नाही एवढंच.

मी विमानतळावर येईनच.
पण माझी रात्रपाळी बदलली नाही तर
किल्ली कुंडीखाली शोधू नका, तिथे सगळेच शोधतात.
डेल्फीनकडे ठेवली आहे. तिचा कुत्रा भुंकतो, चावत नाही.
फ्रीजमध्ये आमटी आहे.

आणि शाल एक नको,
दोन आणा.