पाय काढू नगं

सर्जेराव करंडे, निवृत्त हवालदार, एमटी ड्रायव्हर,
पोवई नाक्यापाशी गाडी शिकवतात.
डॅशबोर्डवर गणपती नाही,
बर्फात चाकाला बांधायच्या साखळीची एक कडी आहे,
गंजलेली, अंगठ्याएवढी.

पहिल्याच दिवशी म्हणाले,
ब्रेक म्हंजे थांबनं न्हवं, इचारनं.
रस्त्याला इचारायचं, धरतूस का?
ही नवी गाडी सेकंदाला धा-पंधरा येळा इचारती.
आमी येकदाच इचारायचो.

मला हसू आलं.
मी दूध संघाची नमुने घेणारी,
रहिमतपूरपासून वाठारपर्यंत बावीस केंद्रं.
माझ्या वाटेवर बर्फ कुठला?
फार तर जानेवारीत वेण्णा तलावाकाठी
एखाद्या पहाटे दवाचं मीठ होतं
आणि पेपरात स्ट्रॉबेरीच्या पानांचा फोटो येतो.

ते हसले नाहीत.
पाचट पडल्यालं बघितलंस का रस्त्यावर?
त्याच्यावर येकदा ब्रेक मार,
मग सांग बर्फ कुठला.

जुन्या ट्रकचं चाक जाम व्हायचं, म्हणाले,
आणि भुसभुशीत बर्फ असला
तर घसरत्या चाकापुढे ढीग साचायचा,
सरीच्या तोंडाशी फावड्यानं माती ओढावी तसा.
तो ढीगच गाडी अडवायचा.
नवं चाक जाम होतच नाही.
धरतं, सोडतं, धरतं, सोडतं,
ढीग साचायच्या आत पुढे सरकतं.
तसल्या बर्फात नवी गाडी
जुनीपेक्षा लांब जाऊन थांबते.

मग कशाला हवी ती?

वळाय, ते म्हणाले.
जाम झाल्यालं चाक स्टेअरिंगचं ऐकत न्हाई.
आणि लिंबखिंड येईपर्यंत
एक शब्द बोलले नाहीत.

काकी सांगतात,
अजून झोपेत त्यांचा उजवा पाय
पलंगाच्या पाटीवर वाजतो.
दाब, सोड, दाब, सोड.
पुढच्या ट्रकमध्ये कोण होतं
हे त्या विचारत नाहीत.
मीही विचारलं नाही.

डिसेंबरात, पहाटे साडेपाचला, कोरेगावच्या पुढे
धुकं इतकं की बॉनेटसुद्धा दुसऱ्याचं वाटावं.
वळणावर उसाची ट्रॉली उलटलेली.
रस्ताभर ऊस, पाचट, वर दव,
आणि मधोमध डोक्याला टॉवेल बांधलेली एक बाई
मोळी उचलायला वाकलेली.

मी ब्रेक दाबला.
पायाखाली पेडल धडधडलं, करकरलं,
आत काहीतरी मोडतंय असं,
गाडीच म्हणतेय असं, की काढ, पाय काढ.

पाय काढू नगं.
थरथरतंय म्हंजे काम चालू हाय.

गाडी थांबली नाही.
हे सांगायलाच हवं. थांबायला हवी होती तिथं नाही थांबली.
जात राहिली पाचटावरून, हळूहळू, निर्लज्जासारखी,
आणि मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं
आणि तिनं ऐकलं.

गाजरगवतात चाक रुतलं.
नमुन्याची एक बाटली फुटली, नववं केंद्र, म्हशीचं.
बाई काचेपाशी आली, आत डोकावली,
दूध सांडलं का गं, म्हणाली,
आणि परत जाऊन मोळी बांधू लागली.
इंजिन बंद केलं तरी
माझा पाय तिथंच होता, गप्प झालेल्या पेडलवर,
उजाडेपर्यंत.

रविवारी त्यांना सांगितलं.
किती लांब गेलीस?
चौदा पावलं. मोजली मी.
त्यांनी कडी हातात घेतली,
बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.
वळली न्हवं? म्हणाले.
वळली.

मग बराच वेळ ते क्लचबद्दल बोलत राहिले.