कोऱ्या बाजूवर

नोव्हेंबर. तार्तूत साडेतीनलाच दिवस मावळतो.
प्रयोगशाळेच्या खिडकीखालून एमायोगी वाहते.
आईनदी, असा तिच्या नावाचा अर्थ,
पण ते इथे कुणी मनावर घेत नाही.

आज जोडपं क्रमांक एकोणीस: राइवो आणि हेल्लिका.
तो लाकडाच्या वखारीत, ती शाळेच्या स्वयंपाकघरात.
दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं.
निळा चौकोन दिसला की डावं बटण,
विषम आकडा ऐकला की उजवं,
आणि मधूनच घंटी वाजली तर नियम उलटे.
चाळीस मिनिटं.

तिच्या चुका सतरा. त्याच्याही सतरा.
वरिष्ठ खूश झाले:
बायकांना म्हणे दहा कामं एकदम जमतात,
ही बाजारगप्प एकदाची निकालात निघाली.
डोकी सारखीच अडखळतात,
सारखीच शिणतात.
आलेखावर दोन रेघा, एकीवर एक,
दुहेरी शिवणीसारख्या.

शेवटचा प्रश्न मीच घातला होता, सहज:
चाचणी चालू असताना आणखी काही मनात होतं का?
राइवोनं लिहिलं, नाही.
हेल्लिकानं कागद उलटला.

सासूबाईंच्या गोळ्या मंगळवारपर्यंतच पुरतील.
मार्कुसला स्कीचे बूट चावतात, तो सांगत नाही.
उद्या दोनशे दहा पोरांचं बीटचं सूप, तिघांना दूध चालत नाही.
राइवोचं भावाशी बिनसलंय, नाताळात आधी फोन कुणी करायचा.
पावाचं आंबवण बाहेर काढलं का.
तुमचा निळा चौकोन आमच्या जुन्या न्हाणीच्या फरशीसारखा आहे.
जागा संपली, माफ करा.

म्हणजे तिच्या सतरा चुकांत
एवढी सगळी माणसं दाटीवाटीनं बसली होती
आणि त्याच्या सतरांत तो एकटाच, ऐसपैस.

तक्त्यात ह्याला रकाना नव्हता.
विचारलं, तर वरिष्ठ म्हणाले,
हे मोजमाप नाही, कुरकुर आहे.
कुरकुर तर त्यात एका शब्दानं नव्हती.

निघताना राइवोनं तिचा कोट धरला, अगदी मायेनं.
दमलीस?
तुझ्याइतकीच, ती म्हणाली, आकडे सारखे आलेत ना.
दोघंही हसली. मीही.

दिवे मालवून बाहेर पडलो. बर्फाचा भुगा उडत होता.
गारठले हात कोटाच्या खिशात घातले
तर आत लोकरीचे हातमोजे,
वाळलेले, एकात एक नीट दुमडलेले.

ते मी ठेवले नव्हते.