खिडक्या

रात्रीचे साडेदहा, आणि उजेड अजून
रस्त्यावर रेंगाळतोय,
घरी जायचा कंटाळा आलेल्या पोरासारखा.
डंडीत जूनमध्ये असंच असतं.

बार केवढा, तर सतरा माणसं आणि एक कुत्रा.
आज चाळीस आलीत.
शर्ट पाठीला चिकटलेत, आरशाला घाम फुटलाय,
आणि मिरिन कोपऱ्यात दोन तबकड्यांवर वाकून
एकीच्या शेपटीला दुसरीचं डोकं जोडतेय.
चार ठोके. पुन्हा चार ठोके.
समेवर यायचं असं काही नाहीच इथे,
प्रत्येक ठोका समच.

खिडक्या मी बंद ठेवल्यात, मे महिन्यापासून.
वर एफी रॅट्रे राहते, ब्याऐंशी वर्षांची, एकटी.
म्हाताऱ्या बाईची झोपमोड नको,
असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो.
थोडा चांगुलपणा मिरवायला काय जातं.

मिरिन मघापासून मला काहीतरी सांगतेय.
ओठ हलतात, शब्द ठेक्याखाली चिरडतात.
मी मान डोलावतो, पाणी नेऊन देतो.
तिसरा ग्लास तसाच, दुसऱ्याच्या शेजारी.

अकराला दार उघडलं.
एफी.
पायात सपाता, फुलाफुलांचा गाऊन,
हातात पुराव्यासारखा धरलेला कप.

"कप चालायला लागलेत," ती म्हणाली,
"फळीवरून, एकामागोमाग एक, थेट कडेपर्यंत.
एक गेला. हा दुसरा."

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडून माफी मागायला लागलो.
तिने माझी हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं.
"कानात काय बोलतोस? तिथे कोणी राहत नाही.
कान मी तागाच्या गिरणीत ठेवून आलेय."

पंधराव्या वर्षी मागावर उभी राहिली होती ती.
एका शेडमध्ये दोनशे माग,
धोटे इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि बाया बोलायच्या नुसत्या ओठांनी,
पार त्या टोकापर्यंत.
लग्नं जुळायची, मुकादमाचा उद्धार व्हायचा,
कुणाला दिवस गेलेत ते कळायचं,
एक अक्षरही न उच्चारता.

मी उंच स्टूल दिलं, शेरी दिली.
तिने काउंटरवर तळहात टेकवला
आणि लाकडातून जे येतंय ते वर येऊ दिलं.
"आमचा माग याहून जलद चालायचा.
पण सूत बरंय."

मग वाचायला बसली. अख्खा बार.
"तो लाल टोपीवाला. सोमवारी ॲबर्डीनला चाललोय म्हणतोय,
परत यायचा नाही.
ती म्हणतेय, हो ना, मलाही हे फार आवडतं."
"त्या दोघी भांडत नाहीयेत. मटणाची कृती आहे."
"दाढीवाला कुणाशीच बोलत नाहीये. आकडे मोजतोय."

चाळीस माणसं एकमेकांच्या कानात ओरडत होती
आणि ऐकू येत होतं ते फक्त हिला.

"आणि ती पोरगी," मिरिनकडे बोट करून,
"तासभर तुला सांगतेय, खिडक्या उघड.
पाणी नकोय तिला.
शिवाय आणखी एक शब्द आहे,
तो मी सांगणार नाही."

खिडक्या जुन्या रंगाने चौकटीला चिकटल्या होत्या.
फर्गसने खांदा लावला. पहिली करकरली,
दुसरीने त्याच्या बाहीचा तुकडा ठेवून घेतला.
नदीवरचा वारा आत शिरला, मीठ आणि डिझेल घेऊन,
आणि ठोका बाहेर पडला,
रस्ता ओलांडून गिरणीच्या भिंतीपर्यंत गेला,
जिथे आता फ्लॅट आहेत, बाल्कनीत कुंड्या आहेत,
आणि अर्धी मात्रा उशिरा परत आला.

एफीला ते कळलं की नाही, कोण जाणे.
ती लाल टोपीकडे पाहत होती.
मग उतरली, सपाता फरफटत
गर्दीतून त्या मुलीपर्यंत गेली,
तिच्यासमोर उभी राहून
आवाज अजिबात न काढता काहीतरी म्हणाली.

मुलीला ओठ वाचता येत नव्हते.
तरी तिचं नाचणं थांबलं.

काउंटरवर एफीचा कप
कडेच्या दिशेने निघाला होता.
मी हात पुढे केला.
अजून चार बोटं अंतर होतं.