सांधणी

किल्ल्याच्या पडक्या बुरुजाखाली
दिवेलागणीला जाळं लावून बसतो आम्ही :
मी, डॉक्टर हत्तुरे, आणि बॅटरी धरणारा मौलाली.
वटवाघूळ चिमटीत आलं की
हातमोज्यातूनही कळतं त्याचं काळीज.
कापसाची काडी, लाळेचा ठिपका, नंबर सो-४१.
सोडलं की जातं सिद्धेश्वर तळ्यावर, चिलटं खायला.

घरी नायना विचारतात, आज काय गावलं?

नायनांनी एकेचाळीस वर्षं सांधणी केली.
जुना बीम संपला की
नव्याची दोन हजार चारशे टोकं
जुन्या टोकांना एकेक करून पिळायची.
अंगठा, तर्जनी, चिमूटभर राख.
टोकाला टोक लागलं, म्हणतात,
की माग विचारत नाही सूत कुठल्या गिरणीचं.
तुझ्या त्या किड्याचंही असंच का गं?

किडा नव्हे, नायना.
पण हो. असंच.

त्याच्या अंगभर खुंट्या असतात.
खुंटीच्या शेंड्याला स्पर्शाच्या जागा वीसेक,
खरी पकड पाच-सहांचीच.
आणि आपल्या पेशीवर उभं असतं एक प्रथिन.
दार नव्हे ते, कुलूपही नव्हे,
कामावरचं माणूस आहे,
रक्तदाबाचं मापटं सांभाळणारं,
आईच्या पांढऱ्या गोळीच्याच खात्यातलं.
मान खाली घालून राबत असतं
आणि कुणीतरी येऊन मनगट धरतं.
मग लागते कात्री.
कात्रीही आपल्याच घरची.

वटवाघळात तेच प्रथिन, किंचित वेगळं विणलेलं.
मांजरात, हरणात, उदमांजरात
नमुना एकच, काठ निराळा.
उंदराच्या काठावर एक टाका असा होता
की खुंटीची बोटं घसरायची.
पुढं कुठंतरी एक तार चुकली
आणि धरलं.

चुकली? नायना हसतात.
आमच्यात तार चुकली की चादरीतला मोर लंगडा,
शेठ पगारातून कापायचा.

तिकडं शेठच नाही, नायना.
अब्जावारी चादरी निघतात, बघणारं कुणी नाही.
बहुतेक लंगडे मोर जागीच मरतात.
एखाद्याला मात्र
परक्याच अंगणात नीट चालता येतं.

शेजारच्या गंगव्वाचं 'यव्वा'
माझ्या मराठीत कधी शिरलं, आठवत नाही.
घरात तेलुगू, दारात कन्नड, शाळेत मराठी,
जीभ तयार होती, एवढंच.

त्या वर्षी बालराज खोकत होता.
त्याच्या उशाशी झोपणारी मांजर
दोन दिवस शिंकली.
तपासली नाही आम्ही,
माणसांनाच किट पुरत नव्हते.
मांजर बरी झाली.
अजून त्याच खाटेवर झोपते,
अगदी कडेला,
मधली जागा सोडून.

सो-४१चा निकाल आला : काही नाही.
सो-४२मध्ये काहीतरी आहे,
अजून नाव नसलेलं.
आपल्या पेशीवर लावून पाहिलं, पकड सैल.

नायना ऐकतात.
चिमटीत काहीच नसताना
दोन बोटं पिळत राहतात.
आणि टोक सुटलं तर?

सुटतंच, म्हणते मी,
बहुतेकदा.