वेताला बांधलेला डबा

कोर्दोबातलं अंगण. भिंतभर जिरेनियम,
पार कौलांपर्यंत निळ्या कुंड्या.
फुएनसांता लांब वेताच्या टोकाला बांधलेला
टोमॅटोचा रिकामा डबा भरून वर चढवते
आणि अलगद कलता करते.

"आधी टिचकी मार," मला म्हणते.
"ठणठणली तर तहान.
बद्द वाजली तर पुढे हो.
पानांवर नको. दुपारी तर नकोच नको.
बुडातून ठिबकलं की थांब."

कोपऱ्यातल्या एका कुंडीत नुसती माती.
तिला ती टिचकी मारत नाही.

"आनिसेतोचं लिंबू.
तो गेला त्या जूनमध्ये
दिवसातून तीनतीनदा घालत होते.
मुळं कुजली."

मग वेत माझ्या हातात.
डबा डगमगतो, निम्मं पाणी माझ्याच मानेवर.
ती हसत नाही.
"कमी भर," एवढंच.