ऐकणारा वर, बोलणारा खाली

चेंबूरला आमचा रिपीटर
लिफ्टच्या मशीनच्या खोलीत राहतो, भाड्याशिवाय.
एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, दुसरीवर बोलतो,
मध्ये सहाशे किलोहर्ट्झ,
म्हणजे दोन बिऱ्हाडांमधलं लाकडी पार्टिशन.

चार वर्षं एकाच अँटेनावर दोघांनी भागवलं.
खाऱ्या हवेने फिल्टर सरकले, आणि मग
तोंड उघडलं की कान बसायचे.
करंज्याहून तांडेल हाक द्यायचे,
हातातला सेट, जेमतेम दोन वॉट,
आम्हाला मिळायचं: तां— खर्र —डेल— खर्र.
रिपीटर त्यांचं ऐकून बोलू लागायचा,
स्वतःच्या आवाजाने बहिरा व्हायचा,
गप्प, परत ऐकायचा, परत तेच.
आम्ही म्हणायचो, तांडेल, बॅटरी बदला.
त्यांनी तीन बदलल्या.

एका रविवारी धैर्यवानांनी ट्रान्समीटर बंद ठेवला
आणि नुसता रिसीव्हर कानाला लावला.
तांडेल स्वच्छ.
भरतीची वेळ सांगत होते,
कोणालाच.

नवे फिल्टर परवडणारे नव्हते. दुसरा अँटेना परवडला.
शेजारी-शेजारी नको, धैर्यवान म्हणाले, एकाखाली एक, सरळ रेषेत:
अँटेना आपल्या डोक्यावर आणि पायाखाली
फारसं काही बोलत नाही.
यावरून संसाराबद्दल कविता करायची नाही,
हेही त्यांनीच बजावलं.

टाकीवरच्या खांबावर घारीचं घरटं होतं,
काड्यांत आमच्याच तारेचे तुकडे.
पिल्लं उडेपर्यंत थांबलो. मार्च गेला, एप्रिल गेला.
सेक्रेटरी लोटलीकर म्हणाले, एक होता तो काय वाईट होता?
मेमध्ये मी चढले.
ऐकणारा टाकीच्या वर,
बोलणारा तीन मजले खाली, जिन्याच्या भिंतीला.
माहुलची ज्योत कोपराएवढ्या अंतरावर वाटत होती,
टेपचं टोक दातांत,
खालून धैर्यवान ओरडत होते, पाणी शिरेल, अजून एक वेढा!

संध्याकाळी सहाला बटण दाबलं.
आवाज येतोय का, करंजा?
येतोय, तांडेल म्हणाले. माझा?
पूर्ण.

थोडा वेळ नुसती मागची बोट ऐकू आली.
मग म्हणाले,
बॅटरी पहिलीच घातलीय,
आणि बराच वेळ बटण सोडलं नाही.