निळं बोट

जानेवारीतला रविवार. वाळवंटाकडून आलेला वारा
फळ्यावरची कालची बेरीज पुसून गेलेला.
मी मास्तर, म्हणून टेबलामागे मी;
पुढ्यात शाईची दौत, आणि बाकावर
तीन पक्षांची तीन माणसं,
कोपराला कोपर लागू नये म्हणून आक्रसलेली.
गेल्या सालापर्यंत त्या बाकावर एकच जण बसायचा,
ऐसपैस.

न्यूमा ताँदिया आली. सेनेगाल नदीकाठची रंगारीण.
नीळ तिच्या कोपरापर्यंत चढलेली.
नियम असा, की बोटाला शाई नसेल त्यानेच मत द्यावं.
"हिने तर दहादा दिलंय," पहिला म्हणाला.
दुसरा हसला. तिसऱ्याने नियमांचं पुस्तक उघडलं,
तेही उलटं.

ती म्हणाली, "इतकी वर्षं माझं मत
माझ्या बोटावाचूनच मोजलंत,
तेव्हा कुणाचं काही अडलं नाही.
आज बोट घेऊन आले, तर बोटच नडलं?"

मग वाद झाला. पाढ्यांशिवाय काही घुमलं नव्हतं
त्या खोलीत, तिथे कौलं हलतील असा वाद.
शेवटी तिघांचं एकमत झालं: टाच.
तिने तिसऱ्याच्या खांद्यावर हात टेकला
(त्याच्या पांढऱ्या झग्यावर पाच बोटं उठली)
आणि धुळीने भुरकी पडलेली टाच उचलली.
मी वाकून शाई लावली,
घोड्याला नाल ठोकावी तशी.

रात्री कंदिलाखाली पेटी उघडली.
हो. हो. नाही. हो.
मग एक चिठ्ठी निघाली, कडेला निळा अंगठा,
रेघ न् रेघ स्पष्ट.
चौघांनी पाहिली. कुणी खाकरलंसुद्धा नाही.
मार्चमध्ये बामाकोत ज्याला गोळी लागली
तो सांबा तिचाच, हे चौघांनाही ठाऊक.
चिठ्ठी ज्या ढिगात जायची त्या ढिगात गेली.
कोणत्या, ते माझ्या बायकोनेही विचारून पाहिलंय.

घटना मंजूर झाली, असं रेडिओ म्हणाला.
बाजारच्या दिवशी न्यूमा कापड पिळत होती,
रांजणातून नुकतंच निघालेलं, अजून हिरवट,
निळं व्हायचं बाकी.
"मास्तर, रंग धरला का तुमच्या त्या कागदाने?"
म्हटलं, आत्ताच तर बाहेर काढलाय.
"मग वारा लागू द्या," ती म्हणाली,
आणि कापडाचं दुसरं टोक
माझ्या हातात दिलं.